लिस्पने प्रत्यक्षात दिलं काय?

दादरकर: लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा १९५८ची. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे गाभा, सी भाषेत, एआय पायथन भाषेत. मग हिच्या नावावर काय?

ठाणे_लोकल: गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणं, आधी लिस्पमध्येच आलं, जावा भाषेला नंतर मिळालं. १९९९मध्ये नासाच्या डीप स्पेस १ यानावर लिस्पमधला रिमोट एजंट, म्हणजे यान स्वतःहून चालवणारा प्रोग्राम, चालला. मध्येच रेस कंडिशनमुळे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा क्रम चुकल्याने) अडकलाही. असले दोष भाषा बदलून टळत नाहीत.

परळ_ड्राफ्ट्समन: यान कशाला? इथल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडा, त्यात ऑटोलिस्प ही लिस्पचीच आवृत्ती आहेच. अ‍ॅपलोड कमांडने लिस्पची फाइल चढवा. ७ला २ने भागलं तर ३च येतात, कारण दोन्ही पूर्णांक; ३.५ हवे तर ७.० लिहा. ओस्नॅप (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटायची सोय) चालू राहिला तर रेषा भलत्याच बिंदूला चिकटते. आधी ओएसमोड या ओस्नॅपच्या सेटिंगचं मूल्य जपून ठेवा, मग ते ० करा, शेवटी परत भरा. एस्केप दाबल्यावरही ते परत यावं म्हणून एरर फंक्शनमध्येही (प्रोग्राम मध्येच थांबला की चालणाऱ्या भागात) तीच ओळ हवी.

दादरकर: एस्केपचं लक्षातच नव्हतं!