आमदार सचोटीचा हवा की कामाचा?

डिचोलीकर (प्रश्न)

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आमच्या वाड्यावर एकच वाद रंगतो. काहींचे म्हणणे असे की, माणूस कितीही स्वच्छ असला तरी पर्वरीच्या सचिवालयात त्याला फाइल हलवता येत नसेल, तर त्याच्या स्वच्छतेने आमच्या नळाला पाणी येणार नाही. इतरांचे म्हणणे असे की, ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही, त्याचे कर्तृत्व शेवटी दुसऱ्याच कोणाच्या कामी येते. मला दोन्ही पटते, हीच अडचण आहे. गोव्यातील मतदारसंघ सरासरी तीस हजारांच्या आतबाहेरचे. आमदार लग्नाला आणि बाराव्यालाही घरी येतो, त्यामुळे त्याचे गुणदोष आपल्याला केवळ ऐकून ठाऊक नसतात. तरीही मत देताना नेमके काय तोलावे, हे जाणकारांनी सांगावे. पक्षांची वकिली मात्र येथे नको.

फोंड्याचा निवृत्त शिक्षक

मी कर्तृत्वाच्या बाजूचा आहे. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. आजच्या कसोटीने पाहिले असते, तर १९६३ साली मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्याच्या दिवशीच त्यांच्यावर हितसंबंधांचा आक्षेप आला असता. पण त्यांच्याच कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा झाला आणि पोर्तुगीज अमदानीत जिथे शाळा पोहोचली नव्हती, अशा गावांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझे शिक्षण अशाच एका शाळेत झाले. नेत्याच्या घरातले वागणे, त्याचे खाणेपिणे हे माझ्या लेखी गौण आहे. (सोवळे सांभाळणारे पण कामाच्या नावाने शून्य असे पंचायतीचे पंच मी पुष्कळ पाहिले आहेत.)

साखळीचा वाचक

गुरुजी, आपण दिलेले उदाहरण खरे आहे, पण त्याच खाणींची पुढची कथाही पाहावी लागेल. आमच्या घरचे दोन ट्रक खनिज वाहतुकीला होते, त्यामुळे हे लिहिताना मी स्वतःला निर्दोष समजत नाही. चीनची मागणी वाढली तेव्हा गोव्यातून वर्षाला सुमारे ५ कोटी टन खनिज बाहेर जात होते. खाण खाते होते, अभियंते होते, नियमही होते. कार्यक्षमतेची उणीव कोठेच नव्हती. पुढे बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. एवढा धडा मिळूनही ८८ लीजांचे नूतनीकरण झाले, आणि त्यांतील बरेचसे नूतनीकरण, खाणी देताना लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश जानेवारी २०१५ मध्ये निघण्याच्या तोंडावर उरकले गेले. सरकारी फाइल इतक्या वेगाने धावताना मी दुसऱ्यांदा पाहिलेली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ती सर्व नूतनीकरणे रद्द केली. तोपर्यंत आमचा एक ट्रक भंगारात गेला होता आणि दुसऱ्याचे हप्ते थकले होते. फाइल हलवता येणे हा गुण खरा, पण ती कोणासाठी हलते हे पाहिल्यावाचून त्या गुणाची किंमत ठरत नाही.

मडगावची वकील

खासगी शील आणि दिलेला शब्द या दोन गोष्टी या चर्चेत एकत्र झाल्या आहेत. पहिलीबाबत मी गुरुजींशी सहमत आहे. दुसरी मात्र मतदाराशी झालेल्या कराराचा भाग आहे. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. त्यांतील निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण त्याच वर्षी १४ सप्टेंबरला भाजपमध्ये गेले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, आमदारकी वाचवणाऱ्या विलीनीकरणाच्या तरतुदीला दोन तृतीयांश सदस्य लागतात, आणि ११ चे दोन तृतीयांश म्हणजे किमान ८, हा हिशेब त्यांनी बिनचूक केला. यालाही कौशल्यच म्हणावे लागेल. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले, तेव्हाही गणित चुकले नव्हते. तीन देवांसमोर दिलेला शब्द ज्याला बांधत नाही, त्याला प्रतिज्ञापत्र तरी कसे बांधणार? म्हणूनच मी उमेदवाराची भाषणे ऐकत नाही. मागच्या पाच वर्षांत त्याने विधानसभेत कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या विषयावर मौन पाळले, एवढेच पाहते.

डिचोलीकर

सर्वांचे आभार. ट्रकांचे वाचून एक गोष्ट कबूल करावीशी वाटली. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या सरकारी नोकरीसाठी मी स्वतः एका आमदाराच्या दारात सकाळी सातला जाऊन बसलो होतो. त्यांनी लगेच फोन केला, काम झाले, आणि तेव्हापासून मी त्यांना ‘कामाचा माणूस’ म्हणत आलो आहे. त्या यादीतून कोणाच्या मुलाचे नाव गळले, हे मी आजवर कोणाला विचारलेले नाही.