'वेदनारहित व्रण' म्हणजे नेमकं काय?

अर्धविराम
एका आरोग्यपत्रकाचं मराठी करतोय. विषय : पुरुषांच्या जननेंद्रियाची त्वचा. तिथं काय दिसलं तर निर्धास्त राहायचं आणि काय दिसलं तर तडक डॉक्टर गाठायचा. सिफिलिसच्या परिच्छेदात मी लिहिलं, 'वेदनारहित व्रण दिसल्यास तपासणी करून घ्यावी.' मसुदा मावसभावाला वाचायला दिला. तो म्हणाला, "व्रण तर माझ्या गुडघ्यावरही आहे, सातवीत सायकलवरून पडलो त्याचा. तो कुठं दुखतो?" मी गारच पडलो. मला म्हणायची होती उघडी जखम, त्याने वाचली भरून आलेल्या जखमेची खूण. बरोब्बर उलट! 'जखम' लिहावं तर ती काहीतरी लागून होते. काय लिहू?

कोशकिडा
व्रणाला दोष देऊ नका. संस्कृतात व्रण म्हणजे उघडी जखमच. 'जठरव्रण' म्हणताना पोटातला जुना डाग अभिप्रेत असतो का? खुणेसाठी आपल्याकडे 'वण' हा त्याचाच तद्भव आहे. 'वण राहिला' म्हणायचं सोडून लोक 'व्रण राहिला' म्हणू लागले, त्याला शब्द काय करणार? व्रणच ठेवा. वाचक शिकेल.

अर्धविराम
वाचक शिकेल हो, पण तोवर त्याचं काय?

त्वचावाला
या धंद्यात आहे म्हणून लिहितो. सिफिलिसची ती जखम संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी उठते. बहुधा एकच. कडा टणक, बोटाला सदऱ्याच्या बटणासारखी लागते, आणि दुखत नाही. औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत भरून येते. आजार मात्र आतच राहतो. तेव्हा दोन महिने लाजून आलेल्या पेशंटला तपासलं तर तिथं असलाच तर कोशकिड्यांचा नव्हे, मावसभावाचा व्रण असतो.

पेशंट यातला एकही शब्द वापरत नाहीत. "जरा सोललंय" म्हणतात, किंवा "कातडी गेलीय." मी तर 'न दुखणारी, सोलल्यासारखी जागा' असंच लिहीन.

कोशकिडा
ही परिभाषा झाली की गप्पा?

त्वचावाला
गप्पाच. आणि शब्दापेक्षा क्रियापदाकडे बघा. परवा एक १९-२० वर्षांचा मुलगा आला. "दाणे आलेत" एवढं बोलला आणि मोबाईलवरचा फोटो पुढे केला. शिश्नमण्याच्या कडेने गोल, दोन ओळींत, मिलिमीटरभराचे सारखे दाणे. मोत्याची कंठी घातल्यासारखे. हे पुष्कळ पुरुषांना असतात, कुणाकडून लागत नाहीत, कुणाला लागतही नाहीत, वयाबरोबर फिके पडतात. कधी आले विचारलं तर "काल". काल आले नव्हते, काल *दिसले*. म्हणून म्हणतो, निरुपद्रवी ते 'असतं', काळजीचं ते 'येतं'. पत्रकात एवढं सांभाळलंत तरी अर्धी भीती जाईल.

आडवाट
नियम छान आहे पण टिकत नाही. ते मोती-दाणे जन्मापासून असतात का? वयात आल्यावरच येतात ना? मग दाढीसुद्धा 'येते'. दाढी दाखवायला कोणी दवाखान्यात जात नाही.

त्वचावाला
मान्य. दाढीपाशी मी हरलो.

रवाळ
पिवळसर बारीक ठिपके असतात त्यांना काय म्हणायचं? कातडी ताणली की उठून दिसतात. आम्ही मित्र त्याला 'रवा' म्हणायचो. डॉक्टरांनी सांगितलं, तैलग्रंथीच आहेत, ओठांवरही असतात. फॉर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये वर्णन केलं म्हणून त्याचं नाव. दोन वर्षं मी ते नखाने फोडायचा प्रयत्न करत होतो हे इथं टोपणनावाने कबूल करतो.

कोशकिडा
मोत्यासारख्या दाण्यांसाठी सुश्रुतसंहितेत 'सर्षपिका' हा देखणा शब्द आयता आहे. मोहरीएवढी पुळी!

आडवाट
आयता खरा, पण संदर्भ वाचा की. ती १८ शूकदोषांतली पहिली. लिंग वाढावं म्हणून चुकीचे लेप लावल्याने होणारा रोग. निरोगी मुलाला तुम्ही हजारो वर्षांपूर्वीचा लेप चोपडताय.

कोशकिडा
बरं, 'चामखीळ' तरी शुद्ध आहे ना? तोही सुश्रुताचाच 'चर्मकील'. कातड्यात ठोकलेली खीळ. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या मोडांना सरळ चामखीळ म्हणावं.

त्वचावाला
नका हो. मानेवरची लोंबती चामखीळ वेगळी. एचपीव्हीच्या बहुधा ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात ते खरखरीत तुरे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, आणि ते संबंधांतून पसरतात. 'चामखीळ' वाचलं की माणूस दोरा बांधतो, नाहीतर पायाच्या चामखिळीचं आम्ल आणून तिथं लावतो. त्या नाजूक कातडीचं मग काय होतं ते मी पाहिलंय. 'तुरे' लिहा.

रवाळ
आणि हर्पीसला 'नागीण' लिहू नका. नागीण त्याच विषाणूकुळातली, पण वेगळी. हर्पीसचे फोड झुबक्याने येतात, फुटतात, आणि चांगले ठणकतात.

आडवाट
मला तर 'गुप्तरोग' हाच शब्द पत्रकातून काढावासा वाटतो. रोग गुप्त नाही, रोगी गुप्त राहतो. सिफिलिसला 'उपदंश' लिहिलंत तर मात्र मजा येईल. संस्कृतात त्याचा दुसरा अर्थ मद्याबरोबर तोंडी लावायचा चटकदार पदार्थ.

कोशकिडा
अर्थात! दंश म्हणजे चावा, म्हणून जोडीला चावायचं ते उपदंश. म्हणजे चखणा शब्दाला अस्सल पर्याय सापडला.

आडवाट
तुम्ही मागवून बघा, उपदंश आणा म्हणून.

त्वचावाला
हसणं झालं असेल तर : मोती, रवा, काहीही म्हणा. पण गाठ कडक होत असेल, जागा ३-४ आठवड्यांत भरत नसेल, रक्त येत असेल किंवा आधी सहज मागे जाणारी कातडी आता अडत असेल, तर शब्द न शोधता दाखवा. कातडी मागे जाऊन तिथंच अडकली आणि सूज आली तर त्याच दिवशी.

अर्धविराम
हे जसंच्या तसं घेतो. पण मूळ प्रश्न व्रणाचा होता. 'सोलल्यासारखी जागा' लिहून पाठवलं, तर संपादकांनी 'निस्त्वचित क्षेत्र' करून परत पाठवलंय.

कोशकिडा
'निस्त्वचित' नव्हे, 'निस्त्वच'.