आई एका गावी, बाबा दुसऱ्या गावी: मधलं अंतर तुम्ही कसं निभावलंत?

रानजाई (धागाकर्ती)
नवराबायको वेगळे झाले की पोटगी, ताबा, वकिलाची फी यांवर सगळे बोलतात. मूल एका गावी आणि आई किंवा बाप दुसऱ्या गावी, हे पुढे वर्षानुवर्षं कसं चालतं यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

आमचं नाशिक-पुणे, साधारण २१० किलोमीटर. मी माहेरी नाशिकला आले, ते पुण्यात राहिले. आधी ते दर वेळी नाशिकपर्यंत यायचे. मग चिडचिड, मग दांड्या. आता आळेफाट्याला भेटतो. ते पुण्याहून गाडीने येतात, मी लेकीला घेऊन एसटीने जाते (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, लेकीचं वयामुळे अर्धं. दोघींचं मिळून एक!). चहा होतो, दप्तर इकडून तिकडे जातं, औषधं सांगून होतात. चंदनापुरी घाटात तिला गाडी लागते आणि तो टप्पा नेमका माझ्याकडे, हे टोचतं. असो.

कोर्टातली भांडणं इथे नकोत. प्रवास कुणी केला, मुलाने की मोठ्यांनी, तेवढं सांगा.

मिरज जंक्शन
मी यातलं मूल. आता तिशी ओलांडली. आई कोल्हापूरला, वडील मुंबईत. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी दादर. लहान होतो तेव्हा मामा सोबत, आठवीपासून एकटा. लोक हळहळायचे, "पोराचे हाल." हाल कसले? ती रात्र मला आवडायची. त्या बर्थवर मी आईचाही नसायचो आणि वडिलांचाही नसायचो.

त्रास वेगळाच होता. मॅच, मित्रांचे वाढदिवस, गॅदरिंगच्या तालमी, सगळं शनिवार-रविवारी. कोल्हापुरात पेठेतल्या पोराने फुटबॉलची मॅच चुकवायची म्हणजे काय, ते तिथल्यांनाच कळेल. दोन-तीनदा चुकवली की टीममधून नाव जातं. माझं गेलं. वडील वाईट नव्हते. मुंबईत मला फिरवायचे, पुस्तकं घ्यायचे. पण शाहू स्टेडियमवर येऊन बसले असते, लॉजवर राहिले असते, तर मी कुणाबरोबर हिंडतो हे तरी त्यांना कळलं असतं. त्यांच्या घरात मी नेहमी पाहुणा होतो. एकदा तरी ते माझ्या गावात पाहुणे व्हायला हवे होते, इतकंच.

डोंबिवलीकर जुना
माझी मुलं ठाण्यात, मी डोंबिवलीत. फास्ट लोकलने पंचवीसेक मिनिटं. पण भेट ठरली कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, कारण घरी पाठवायला समोरून नकार. तुटकी खेळणी, भिंतीवर मिकी माऊस आणि घड्याळाकडे डोळे. तिथे एक गृहस्थ रात्रभर बसने प्रवास करून यायचे. त्यांना एक तास, मलाही एक तास. काय जवळ नि काय लांब.

साडेनऊ तास
मी न्यू जर्सीत, मुलगा पुण्यात आईकडे. आदेशात व्हिडिओ कॉल भारतातल्या संध्याकाळी ७ ला. उन्हाळ्यात माझ्याकडे सकाळचे साडेनऊ, सोयीचं. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेआठ, म्हणजे मी नेमका ऑफिसच्या वाटेवर. एका तासासाठी वकिलांची पत्रापत्री झाली! शेवटी मुलानेच तोडगा काढला, "बाबा, हिवाळ्यात आपण आठला बोलू." कॉलवर 'आज काय केलंस' विचारलं की तो गप्प. गणित सोडवायला घेतलं की दोघं तासभर बसतो. भूमितीचे माझे कंपास पुन्हा बाहेर निघालेत.

वकिलीणबाई
वरच्यांना जोडून थोडं, कारण गैरसमज बरेच दिसतात. ताब्याचा अर्ज पालक कायद्याखाली (१८९०) करायचा तर मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात. त्यामुळे मूल घेऊन गाव बदललं की पुढचे हेलपाटेही बदलू शकतात, आणि त्यावरूनच पहिली लढाई होते. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, पण 'सर्वसाधारणपणे' म्हणजे 'कायम' नव्हे. दूर राहणाऱ्या पालकाला फोनवर, व्हिडिओवर मुलाशी बोलता यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय. परदेशात असाल तर आणखी एक: मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. तिकडच्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप चालत नाही.

अशिलांना मी एकच सांगते. संमतीपत्रात 'भेट' लिहून सोडू नका. आणायचं कुणी, सोडायचं कुणी, तिकीट कुणाचं, गाडी रद्द झाली तर भेट कधी, सगळं लिहा. नंतरची भांडणं प्रेमावरून होत नाहीत हो, तिकिटावरून होतात.

आजी ६८
नातू दिवाळीत चार दिवस येतो. सून घेऊन येते आणि आमच्याकडेच उतरते. मुलगा त्या दिवसांत मित्राकडे झोपायला जातो. शेजारी हसतात. हसू देत.

संत्रानगरी
मी नागपूरला, मुलाचे बाबा पुण्याला. रेल्वेने रात्र जाते, येताना पुन्हा रात्र, पोट्टा सोमवारी शाळेत पेंगतो. आता नऊ वर्षांचा आहे. विमानाने एकटा पाठवलं तर चालते का? कुणी पाठवलंय?

मिरज जंक्शन
@संत्रानगरी, बहिणीच्या मुलाला पाठवतो आम्ही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी विमान कंपन्यांची सोय असते, वेगळे पैसे पडतात, नियम कंपनीगणिक बदलतात, म्हणून आधी फोन करा. सोडणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव फॉर्मवर लिहावं लागतं आणि तिकडे ओळखपत्र बघूनच मूल ताब्यात देतात. बाबांच्या जागी ऐनवेळी काका गेले तर अडवतील. परतीचा फॉर्मही त्याच वेळी भरून ठेवा.