मदत हवी आहे: देवळामागच्या वडावरची वटवाघळं हाकलायचा विषय ग्रामसभेत येतोय

नमस्कार मंडळी,

नीरेकाठच्या एका गावातून लिहितेय. मारुतीच्या देवळामागं जुना वड आहे, त्याला लागून चिंचा आहेत, आणि या झाडांवर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. माझे सासरे लहान होते तेव्हाही ती होतीच. येत्या ग्रामसभेत ती उठवायचा विषय येणार आहे. आधी सुतळी बॉम्ब आणि धूर, तेवढ्यानं भागलं नाही तर फांद्या छाटायच्या, असं चाललंय. मला हे थांबवायचंय, निदान पावसाळ्यापर्यंत तरी लांबवायचंय.

तक्रार करणारी माणसं खोटं बोलत नाहीत, हे आधीच सांगते. शाळेच्या पत्र्यावर रोज शिट पडते. पिण्याच्या पाण्याची टाकी त्याच अंगाला आहे आणि तिचं झाकण केव्हाचं फुटलंय. उन्हं तापली की वास वर्गात येतो. वरच्या आळीत पेरू-चिकूच्या बागा आहेत, तिथं सकाळी कुरतडलेल्या फळांचा सडा असतो. त्यात केरळातल्या निपाह या जीवघेण्या विषाणूच्या बातम्या मोबाइलवर फिरतात, मग पोरांच्या आया घाबरणारच. मीही आईच आहे.

पण आत्ता मार्च संपत आलाय आणि झाडावर पिल्लं आहेत. परवा भर दुपारी शेजाऱ्यांची दुर्बीण लावून बघत होते. एक मादी एका पायावर लटकून एका पंखानं वारा घेत होती, दुसरा पंख पोटाशी गुंडाळलेला. तो जरा सैल झाला तेव्हा आत पिल्लू दिसलं, तोंडात स्तन धरून पोटाला घट्ट चिकटलेलं. तिनं स्वतःचं अंग चाटून ओलं केलं, पिल्लाचं डोकं चाटलं आणि पुन्हा वारा घ्यायला लागली. थुंकीनं अंग ओलं करून वारा घेणं, हाच यांचा उन्हातला इलाज. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. थोडी मोठी झालेली पिल्लं रात्री झाडावरच ठेवून आया चरायला जातात. अशा दिवसांत बॉम्ब फुटले तर खाली काय पडेल ते सांगायला नको. आणि ते उचलायला सगळ्यात आधी शाळेतली मुलंच धावतील, भीती तर नेमकी त्याचीच आहे ना?

निपाहवर मी जमेल तेवढं वाचलंय. विषाणू याच जातीच्या वाघळांत आढळतो, ते नाकारून चालणार नाही. पण वाघूळ डोक्यावरून उडालं म्हणून तो लागत नाही. बांगलादेशात तो मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून आला. रात्री वाघळं झाडाला बांधलेल्या मडक्याशी येऊन रस चाटतात, त्यात लाळ-मूत पडतं, आणि सकाळी माणसं तोच रस पितात. मडक्यावर बांबूची झापं बांधली की वाघळांना रसापर्यंत पोचता येत नाही. महाबळेश्वरचं उदाहरण ग्रामसभेत निघणारच, म्हणून तेही सांगते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० मध्ये तिथल्या गुहेतून नमुने घेतले होते आणि काही वाघळांत निपाहची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, मिळाली होती. ती गुहेत राहणारी वेगळी, लहान जात आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते युगांडातल्या किटाका खाणीचं. २००७ मध्ये तिथल्या खाणकामगारांना वाघळांपासून मारबर्ग या दुसऱ्या जीवघेण्या विषाणूची लागण झाली, म्हणून पुढच्या वर्षी खाणीतली सगळी वाघळं मारून टाकली. काही वर्षांत नवी वाघळं येऊन राहिली. २०१२ मध्ये जवळच मारबर्गची साथ आली, तेव्हा तपासणी झाली. संसर्ग असलेल्या वाघळांचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. विषाणू वेगळा, वाघूळ वेगळं, हे मान्य. तरी हाकलून रोग जातो असं धरून चालणाऱ्यांनी हे ऐकायला हवं.

मला विचारायचंय ते असं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर फळं खाणारी वाघळं वन्यजीव कायद्याच्या ‘उपद्रवी’, म्हणजे मारायला मोकळीक असलेल्या, प्राण्यांच्या यादीत राहिली नाहीत, हे ग्रामसभेला कागदावर दाखवायचं तर अर्ज कुणाकडे करायचा? शाळेच्या बाजूचा त्रास कमी करायला कुणी काही केलंय का? आणि बागायतदारांना काय सांगू? त्यांच्यासमोर ‘निसर्गाचा समतोल’ म्हटलं की ते उठून जातात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

प्रतिसाद

ताई, माझी आंबा-चिकूची बाग आहे, म्हणून बागेपुरतं सांगतो. चिकू झाडावर पिकू द्यायचा नसतो, तयार झाला की काढून घरात पिकवायचा. वाघळं पिकलेल्यावर येतात, त्यामुळं तोडणी वेळेवर झाली की निम्मा प्रश्न सुटतो. पेरूला फोमची जाळी आणि पिशवी तशीही घालतातच. झाडावर जाळं टाकायचं असेल तर बारीक विणीचं, पांढरं घ्या. करंगळी आत जाईल असलं जाळं नको, त्यात वाघळं अडकून मरतात, आणि अडकलेलं सोडवायला गेलं की चावतं. आणि तुमच्या बागायतदारांना एवढंच विचारा, की वस्ती फुटून चार ठिकाणी गेली तर त्यातली एक त्यांच्याच बांधावरच्या झाडावर येणार नाही कशावरून?

प्रतिसाद

अर्ज वनक्षेत्रपालांच्या नावे द्या, प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक), आणि पोच घ्या. दुसरं, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेलच. लोक जैवविविधता नोंदवहीत या झाडांची आणि वस्तीची नोंद आहे का बघा, नसेल तर करून घ्या. टाकीचं झाकण मात्र ग्रामसभेची वाट न बघता बदला. तक्रारीतला सगळ्यात खरा मुद्दा तोच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. झाकणाचं उद्याच बोलते, वर्गणी काढावी लागली तरी चालेल. उष्टं फळ खायचं नाही आणि पडलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, हे शाळेत सांगायला मुख्याध्यापक तयार आहेत. शिट पडते तो पत्रा धुवायचा तर कोरडा झाडू नये, आधी पाणी मारून ओला करावा, तोंडाला फडकं आणि हातमोजे असावेत, एवढं मला कळलंय. पण पावसाचं पाणी त्याच पत्र्यावरून हौदात जातं, ती पन्हळ दुसरीकडे वळवायची आहे. हे काम कुणी केलं असेल तर साधारण खर्च आणि पद्धत सांगाल का? ग्रामसभेआधी आकडा हाती हवाय.