उकळून नायट्रेट जात नाही
पिण्याचं पाणी दूषित असेल तर 'पाणी उकळून प्या, प्रश्न मिटला' असं कुणीतरी लिहिलंय. जंतूंपुरतं ठीक आहे. पण खतातून आणि पशुपालनाच्या कारखान्यांतल्या मलमूत्रातून झिरपलेलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारा नत्राचा क्षार, उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून तान्ह्या बाळाला पाजलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, अंग निळं पडतं. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला ५० मिलिग्रॅम.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नायट्रेट काढणारं संयंत्र उभारलं. खर्च अर्थात पाणी पिणाऱ्यांच्या माथी! शहराला तेवढं झेपतं तरी. स्वतःच्या विहिरीवर जगणाऱ्या कुटुंबाला मात्र तिथे आपल्या पाण्याची काळजी स्वतःच घ्यावी लागते.