थडगं, समाधी की छत्री?

रामबागकर: दसऱ्याला नागपूरला मामेबहिणीकडे गेलो होतो. तिनं काटोल रस्त्यानं जुनापाणीला नेलं, शिलावर्तुळं दाखवायला. माळरान, बाभळी आणि मृतांच्या जागेवर गोल मांडलेले काळे धोंडे. असली तीनेकशे वर्तुळं आहेत म्हणे. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे, ओळीनं कोरलेले. इंदूरला परत आल्यावर मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिला, मथळा दिला 'लोहयुगातली थडगी'. आत्यानं लाल पेनानं काट मारली. "थडगं मुसलमानाचं नाहीतर साहेबाचं. आपल्या माणसाची समाधी." म्हटलं, ते लोक आपले कुठले? तर म्हणे, "मग परके तरी कुठले?" गप्प बसलो. कोणता शब्द घालू? मंगळवारी मजकूर द्यायचाय.

जुनं इंदूर: आत्याबाई अर्ध्या बरोबर आहेत. थडगं नको, पण समाधीही नको. समाधी संतांची, संन्याशांची. साधा माणूस समाधिस्थ होत नाही, मरतो.

संत्रानगरी: मग रायगडावरचा वाघ्या कोणत्या मठातला? त्याच्या चौथऱ्याला सगळा महाराष्ट्र समाधीच म्हणतो. आमच्या नागपूरकडे माहुरझरीच्या असल्याच वर्तुळांच्या उत्खननात माणसांबरोबर घोडेही निघाले, तांब्याच्या साजासकट. आता घोड्याला काय म्हणता, सांगा.

शब्दवेल्हाळ: मुळात 'शिलावर्तुळ' हा इतका नेटका शब्द असताना वाद कशाला? तेच लिहा. आणि युगाला 'बृहदश्मयुग' म्हणा, म्हणजे मोठ्या दगडांच्या स्मारकांचं युग. 'महापाषाण' मला कानाला जड वाटतो.

रामबागकर: 'बृहदश्म' कानाला हलका? आमची आत्या तो शब्द वाचताना कवळी सांभाळेल. शिवाय तिथे महा काहीच नाही हो. मी पाहिलेल्यांत कमरेच्या वर जाईल असा एक धोंडा नव्हता. आणि शिलावर्तुळ म्हटलं की वरचं गोल कळतं, खाली माणूस आहे हे कळत नाही.

खान नदीकाठ: खाली माणूस असतोच असंही नाही. विदर्भातल्या वर्तुळांत पुष्कळदा हाडांचे तुकडेच मिळतात, आणि भांडी, लोखंडी हत्यारं मात्र भरपूर. आपण इंदूरकर रोज कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्यांवरून जातो. तिथे कोण पुरलंय? कुणी नाही. दहन झालं, आठवण म्हणून वास्तू बांधली. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आलमपूरला वारले, अहिल्याबाईंनी तिथे छत्री उभारली. तिला थडगं म्हणून बघा इथे कुणासमोर! माझं मत 'छत्री'ला. हसण्यापूर्वी एक ऐका. केरळात त्रिशूरकडे असल्याच काळातली दगडी स्मारकं आहेत, वरचा दगड घुमटासारखा गोल. मल्याळी माणूस त्यांना 'कुडक्कल्लु' म्हणतो. कुडा म्हणजे छत्री, कल्लु म्हणजे दगड. त्यांना होळकर माहीत नव्हते, तरी शब्द तोच सुचला.

जुनं इंदूर: तिथे वर छत्रीसारखा दगड आहे म्हणून छत्री. जुनापाणीत वर आभाळ आहे.

तिलकनगरच्या काकू: माझ्या पुण्याच्या जावेला एकदा म्हटलं, "संध्याकाळी छत्रीवर येतेस का?" तर ती बिचारी ढग बघायला खिडकीत गेली. पुण्यात शिंदे छत्री असून! तेव्हा शब्द प्रत्येक गावाचा वेगळा, हे लक्षात ठेवा. थडगं हा शब्द 'थडी'वरून आला असं माझे सासरे सांगायचे. पैलथडी, भीमथडी, तशी नदीकाठची जागा.

शब्दवेल्हाळ: काकू, क्षमा करा, पण ही व्युत्पत्ती ओढून आणलेली वाटते. मग 'गाडगं' काय गाडीवरून?

तिलकनगरच्या काकू: सासऱ्यांना तुम्ही भेटला नव्हतात, वाचलात.

संत्रानगरी: आपण जाळणारे, म्हणून पुरण्याला शब्द नाही, असं सगळे गृहीत धरून राहिले बावा. मग 'जुनी मढी उकरणे' कुठून आलं? जाळलेलं मढं कोण उकरेल? थडग्यात इतकं परकं वाटण्यासारखं काय आहे? बाकी साहेबांचं म्हणाल तर नागपूरचे मिशनरी हिस्लॉप साहेब १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं बघून परतताना नदीत बुडाले. कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांच्या थडग्याला तरी आत्याबाईंची हरकत नसावी.

खान नदीकाठ: ती 'मढी' म्हणजे साधूची मढी, देवळी. माळव्यात मढिया म्हणतात तीच. पडक्या मढ्या उकरायच्या, धनासाठी.

जुनं इंदूर: साफ चूक. देवळीचं अनेकवचन तुम्हीच आत्ता 'मढ्या' लिहिलंत. म्हणीत 'मढी' आहे, म्हणजे एकवचन मढं. गाडगं-गाडगी, तसं मढं-मढी.

खान नदीकाठ: बोलीत दोन्ही चालतं.

जुनं इंदूर: सगळंच चालत असेल तर चर्चा कशाला?

रामबागकर: मंडळी, मथळा? आत्यानं तोवर स्वतःच 'दगडी छत्र्या' लिहून ठेवलंय. सहल भर पावसातली वाटते.

संत्रानगरी: 'मातीखालचे' असं काही करा. आमच्या खेड्यात अंत्ययात्रेला गेलेला माणूस 'मातीला गेलो होतो' म्हणतो, मग तिथे जाळलेलं का असेना.

शब्दवेल्हाळ: तो 'मयतीला'चा अपभ्रंश. मयत अरबी. मातीशी संबंध नाही.

तिलकनगरच्या काकू: आणि 'माती देणे' हेही अरबी का?