वसंतातल्या बागा: मुंबई-पुण्यात कोणतं झाड कधी गाठायचं?

फेब्रुवारीच्या मध्यापासून मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक बागांत बघण्यासारखं जे असतं ते वाफ्यात नाही, डोक्यावर असतं. वाफ्यातल्या पिटुनियांनी तोवर माना टाकलेल्या असतात. या बागांशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे त्यांनी इथे लिहावं: झाड कोणतं, महिना कोणता, दिवसाची वेळ कोणती आणि लोक नेमके कुठे फसतात. नुसतं ‘प्रसन्न वाटलं’ नको.

पारंबी:
सुरुवात राणीच्या बागेपासून. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद. हा नियम माहीत नसलेले फाटकावरूनच परततात. शनिवार-रविवारी पेंग्विनपाशी रेटारेटी असते, पण त्या गर्दीतलं कुणी वर बघत नाही, त्यामुळे झाडं मोकळी सापडतात.

बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, म्हणून इथल्या झाडांना वय आहे. वसंतात पहिला मान उर्वशीचा. मूळ म्यानमारची. फेब्रुवारी ते एप्रिल लाल फुलांचे लांब घोस उलटे लोंबतात, मोठ्या पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. एकेक फूल दोन-तीन दिवसच टिकतं, त्यामुळे घोस अर्धा उमललेला असतानाच गाठावा. फुलं नसतील तर कोवळी पालवी शोधा. ती तांबूस-तपकिरी आणि मलूल लोंबते, आणि बघणारे ‘झाड वाळलं’ म्हणून हळहळतात. वाळलेलं नसतं, तीच पानं पुढे हिरवी आणि ताठ होतात. या झाडाला बी क्वचितच धरतं, रोपं गुटी कलमानं, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून, करावी लागतात. दुर्मीळ आहे ते त्यामुळे.

ठिपका:
अशोकाचा घोटाळा दरवर्षी होतो. सोसायटीच्या भिंतीलगत सरळसोट उभा असतो तो आसूपालव, त्याची हिरवट फुलं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. सीताअशोक पसरट आणि दाट सावलीचा. त्याचे गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर येतात, म्हणून झाडाखाली शिरून बघावं लागतं. फूल उमलताना पिवळं-केशरी असतं, मग लाल होतं. एकाच गुच्छात दोन्ही रंग दिसले की ओळख पक्की. पाकळ्या या फुलाला नसतातच, रंगीत दिसतात ती निदलं, म्हणजे एरवी कळीला झाकणारी बाहेरची दलं.

दुर्बीण:
पक्षी बघायचे तर काटेसावर, पांगारा आणि पळस. तिघंही पानं झडल्यावर फुलतात, त्यामुळे आडोसा नसतो. सावर जानेवारीपासून, बाकीचे दोन साधारण फेब्रुवारी-मार्च. उजाडल्यापासून पहिले दोन तास महत्त्वाचे, मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर आणि भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे तेव्हाच उतरतात. भोरड्या एप्रिलमध्ये परतीला लागतात, नंतर जाऊन उपयोग नाही. पळस आणि पांगारा दोघांचीही पानं त्रिदलीच, एका देठावर तीन-तीन. फरक खोडावर बघा, काटे पांगाऱ्याला असतात. सावरीलाही असतात, पण जुन्या खोडाच्या खालच्या भागातले बहुधा झिजून गेलेले असतात, तेव्हा नजर वरच्या फांद्यांकडे न्या.

अडचण एकच: राणीच्या बागेची तिकीटखिडकी साडेनऊला उघडते. पक्ष्यांसाठी म्हणून ती बाग सोडा.

पेठकर:
पुण्याचं गणित वेगळं. महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी बंद. बाहेरगावहून येणारे नेमके बारा वाजता येऊन कुलूप बघतात. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात साकुरा (जपानी चेरीचा फुलोरा) शोधू नका. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचं ते उद्यान आहे. बघायचं ते पाणी, दगड, हिरवळीचे उंचवटे आणि छाटणी. फुलांसाठी हा पत्ताच चुकीचा. जुने वृक्ष हवे असतील तर एम्प्रेस गार्डन. तिथलं पुष्पप्रदर्शन मात्र जानेवारीत होऊन गेलेलं असतं.

आणखी एक: वसंतात फुलतो तो कांचन. देवकांचन पावसाळा सरल्यावर फुलतो. नर्सरीवालेही दोघांत गल्लत करतात.

पारंबी:
@पेठकर, बहावा राहिला. एप्रिलच्या आधी घाई नको, आणि हिरवळीतला बहावा निवडू नका. त्याला रोज पाणी मिळतं, पानं टिकतात आणि घोस त्यांत लपतात. कोरड्या कडेचा बघा. ताम्हणही एप्रिल-मेमधलंच. वळवाची एक सर आली की दोघांच्या पाकळ्यांचा सडा पडतो, वर उरतात देठ. ढग दिसले तर रविवारची वाट बघू नका.

ठिपका:
फोटोंचं: भर उन्हात फोनमध्ये पांगाऱ्याचा लाल रंग सपाट गोळा होऊन येतो. स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड कमी करा, किंवा सावलीतला घोस निवडा. आणि फांदी वाकवू नका, उर्वशीची तर मुळीच नाही. लोंबता देठ झटक्यानं तुटतो. खाली पडलेली फुलं असतातच, पाकळ्यांची रचना त्यांतही नीट बघता येते.